त्या प्रतीवर खूण होती

अप्पा,

तुमची नाटकं छापून येताहेत. झालेली सहा आणि न झालेलं सातवं, सगळी एकाच जाड पुस्तकात. एका तरुण मुलीचं छोटंसं प्रकाशन आहे. ती चेन्नईत वेलचेरीला माझ्या फ्लॅटवर येते, चपला दाराशी काढून सोफ्यावर मांडी घालून बसते, आणि तुमच्याबद्दल असं बोलते की वाटावं, ही तुमचीच धाकटी. तुम्हाला तिनं कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एवढा उमाळा टिकला असता का, मला शंकाच आहे. नाकावर राग घेऊन फिरणारा माणूस होता तुम्ही. ती मला म्हणाली, "अक्का, पुस्तकाच्या शेवटी चार पानं तुम्ही लिहा. शेवटचं नाटक का झालं नाही ते लिहा. लोक काहीबाही सांगतात, खरं काय ते तुम्हालाच ठाऊक." मी म्हटलं, लिहिते की. त्याला पाच महिने झाले. ते का जमत नव्हतं, हे आधी तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात ते चुकीचं समजून गेलात. मामांनी, तुमच्या त्या जिवलग मित्रानं, तुम्हाला दगा दिला नव्हता. चूक माझी होती. आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले.

लिहून टाकलं एकदाचं. प्रेक्षकाला ताटकळत ठेवणारा लेखक तुम्हाला आवडायचा नाही. कुणाचं काय जाणार आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे, म्हणायचात. तर मामांची अब्रू गेली, अप्पा, आणि ती मी घालवली.

आता जरा मागे जाते. हे पुस्तक छापणाऱ्या मुलीला तुमचं आयुष्य सांगताना माझी फार पंचाईत होते. ती विचारते, तुमच्या वडिलांची राजकीय भूमिका नेमकी काय होती? मी काय सांगू? मद्रासजवळच्या आवडी गावात सरकारी कारखान्यात तुम्ही कारकून होता, सरकारी क्वार्टरमध्ये आपण राहत होतो, आणि सरकारी नोकरानं सरकारविरुद्ध लिहायचं नाही असा नियम असताना तुम्ही कारखान्याच्या फाटकाबाहेर कंत्राटी कामगारांवर नाटक बसवलंत, एवढं मला माहीत आहे. वरच्या साहेबांनी बोलावून समज दिली तर तुम्ही राजीनामा टेबलावर ठेवून दुपारी जेवायच्या वेळेला घरी आलात. मी तिसरीत होते. आईनं विचारलं, आज लवकर कसे? तुम्ही म्हणालात, "उद्यापासून रोजच लवकर." आईनं हातातला झारा तसाच धरून तुमच्याकडे पाहिलं होतं, ते मला अजून दिसतं. मग आपण क्वार्टर सोडून स्टेशनमागच्या दोन खोल्यांत आलो आणि आईनं हिंदीच्या शिकवण्या धरल्या. हिंदीच्या सक्तीविरुद्ध तुम्ही इतकी जळजळीत भाषणं लिहायचात, आणि घर चालायचं ते आईच्या हिंदीच्या शिकवण्यांवर. बाहेरच्या खोलीत पोरं "राम जाता है" घोकताहेत आणि आतल्या खोलीत तुम्ही कानांत कापूस घालून तमिळमध्ये क्रांती लिहिताय. आई म्हणायची, "तो कापूस तेवढा पुरवून वापरा हं."

आई खडकीकडची, तिचे वडील बदली होऊन आवडीला आलेले. तुम्ही तंजावरचे. तुमचं मराठी ऐकून ती लग्नानंतर वर्षभर हसत होती म्हणे. "हे मराठी आहे का सांबार?" असं ती म्हणाली की तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगायचात, "सांबार आमचंच." घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि भांडण जे तोंडात येईल त्यात. नाटकं मात्र फक्त तमिळमध्ये. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना कळलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं.

तुम्ही सिनेमांसाठी सीन लिहायचात, हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिला पटेना. ती म्हणाली, "पण पडद्यावर त्यांचं नावच नाही कुठं." नाव असणार कसं? वडपळणीला, स्टुडिओंच्या भागातल्या लॉजमध्ये सहा-सात माणसं गाद्यांवर पसरून, कॉफीचे स्टीलचे पेले भोवती मांडून, चार-चार दिवस गोष्ट ठरवत बसायची. कोर्टाचा सीन आला, संपाचा सीन आला, नायकानं गर्दीपुढे भाषण ठोकायचं असलं, की तुम्हाला निरोप यायचा. तुम्ही जायचात, सगळ्यांची कामं एकट्यानं करून सीन उभा करायचात, आणि त्यांचा माणूस उतरवून घ्यायचा. बस्स. एकदा आवडीच्या थिएटरात आपण तिघं गेलो होतो. पडद्यावर नायक बोलायला लागतो, आणि तुम्ही माझ्याशेजारी त्याच्या आधी अर्धा क्षण तेच शब्द पुटपुटताय. लोक शिट्ट्या मारताहेत. मागचा माणूस तुमच्या खांद्यावर टकटक करून म्हणतो, "सार, पिक्चर पाहिलाय तर गप्प बसा, आम्हाला बघू द्या." तुम्ही गप्प बसलात. मला इतका राग आला होता त्या माणसाचा! वाटत होतं उठून सांगावं. तुम्ही माझा हात दाबून धरलात.

पुढे मालिकांचे दिवस आले. रोज अर्धा तास सासू, रोज अर्धा तास सून. पोटासाठी तुम्ही तेही केलंत. त्या सासूच्या घरात तुम्ही हळूच एक स्वयंपाकीण घुसवलीत, जी आठवड्याची एक सुट्टी मागायची. तीन दिवसांत चॅनेलवाल्यांनी तिला गावी पाठवली. त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "आपली स्वयंपाकीण गेली," आणि घरातलं माणूस गेल्यासारखे पानावरून उठलात. आई मला खुणेनं म्हणाली, हसू नकोस. मला हसू येत नव्हतंच.

तुमचं अक्षर कुणाला लागायचं नाही म्हणून नाटक उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी बारावीत होते. तुम्ही खोलीत येरझारा घालत बोलायचात, मी जमिनीवर बसून लिहायचे. एकदा एका म्हातारीच्या तोंडी मी माझा एक शब्द घातला, मला तो जास्त बरा वाटला. तुम्ही परत वाचताना थांबलात. "हे कुणी लिहिलं?" मी म्हटलं, मी. "लिहून घेणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. बोलायचं असेल तर स्वतःचं नाटक लिही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही तो शब्द खोडला नाहीत, हे मला प्रयोगाच्या दिवशी कळलं. आणि पुढच्याच महिन्यात कुठल्याशा सेटवरून कोर्टातल्या न्यायाधीशाची खुर्ची घेऊन आलात, माझी पाठ दुखते म्हणून. समोरून सोनेरी नक्षी, मागून नुसतं प्लायवूड. लोकल गाडीच्या सामानाच्या डब्यातून आणलीत, वर आईला म्हणालात, हिच्यावर बसून आता ही आपल्या दोघांचा निकाल लावेल. अशी खुशीत बोलायची वेळ तुमच्यावर फार कमी यायची.

आता ती खुणेची गोष्ट. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा नाटक करायचं तर त्याची प्रत आधी पोलिसांकडे द्यायची, ते वाचणार, परवानगी देणार, मग प्रयोग. तो कायदा आता गेला म्हणतात. तुम्ही यावर तोडगा काढला होता, तो म्हणजे प्रत्येक नाटकाच्या दोन प्रती. एक खरी, जी नट पाठ करायचे. दुसरी पोलिसांची, जिच्यातले सगळे दात काढलेले. तुम्ही म्हणायचात, प्रयोगात नटाच्या तोंडून काही निसटलं तर निसटलं. दोन प्रयोग होईपर्यंत निसटत राहिलं की झालं. दोन्ही प्रती माझ्या हातच्या, एकसारख्या कागदावर, एकसारख्या दोऱ्यानं बांधलेल्या. ओळखायच्या कशा? तर पोलिसांच्या प्रतीच्या माथ्यावर मी पिळ्ळैयार सुळी काढायची. आपल्याकडे कागदाच्या वर 'श्री' लिहितात ना, तशी तमिळ लोकांची गणपतीची ती बारीकशी वळणदार खूण, कुठलाही कागद लिहायच्या आधी काढतात ती. तुम्ही देव न मानणारे. खऱ्या प्रतीवर खूण काढायला तुमची सक्त मनाई. पोलिसांच्या प्रतीवर मात्र हवीच. "वाचणाऱ्याला वाटू दे, भाविक माणूस आहे बिचारा." हे बोलून तुम्ही दर वेळी हसायचात. आणि जिच्यावर खूण ती प्रत पोलिसांकडे, हे सगळ्या मंडळींना पाठ होतं.

प्रत न्यायचे ते मामा. तुमचे तीस वर्षांचे मित्र, तुमच्या प्रत्येक नाटकात पहिलं काम त्यांचं. दिवसा जॉर्ज टाउनमधल्या लग्नपत्रिकांच्या होलसेल दुकानात मोजणी करायची आणि रविवारी रस्त्यावर उभं राहून मंत्री, जमीनदार, दारोगा, मिळेल ते व्हायचं. त्यांचा आवाज नुसता चढला तरी शेजारची कुत्री भुंकायची. मला लहानपणी खांद्यावर घेऊन तालमीला न्यायचे. त्यांना मी मामा म्हणायचे आणि ते मला 'रायटर' म्हणायचे, त्या घरात एवढं मोठं नाव मला दुसरं कुणी दिलं नाही.

शेवटचं नाटक तुम्ही सुनामीच्या आदल्या वर्षी लिहिलंत. नदीकाठची एक वस्ती लॉऱ्यांत भरून शहराबाहेर नेऊन टाकतात, त्याचं. चौथ्या प्रवेशात मंत्री भाषण करून दमतो आणि पाणी मागतो. खऱ्या प्रतीत वस्तीतली म्हातारी त्याला त्याच नदीचं काळं पाणी भांड्यात घालून देते आणि तो प्यायल्याशिवाय कुणी हलायचं नाही, असं सगळे त्याच्याभोवती बसतात. पोलिसांच्या प्रतीत म्हातारी त्याला शहाळं देते. तुमच्या सगळ्या नाटकांत हे अव्वल होतं, अप्पा. मला तेव्हाही कळत होतं. तुम्हाला कळत होतंच; तुम्ही महिनाभर कुणावर ओरडला नव्हता.

मी नोकरीला लागले होते, सकाळच्या गाडीनं जायचे. नाटक अर्धं उतरवून झालं असेल, आणि तुम्ही सांगता सांगता भिंतीला टेकलात. घाम फुटला होता. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, जपायला हवं, मनाला त्रास नको. आईनं देवापुढे नारळ ठेवला तो तुमच्या नजरेला पडणार नाही असा, डब्यांच्या मागे. चार दिवसांनी तुम्ही पुन्हा उभे राहून सांगायला लागलात, एक हात छातीवर. माझा जीव खाली-वर. तुमचा आवाज मध्येच थांबला की मला वाटायचं, झालं. मग मी खऱ्या प्रतीचं पहिलं पान पुन्हा नवं लिहायला घेतलं, आणि हात आपोआप वर गेला. डाव्या कोपऱ्यात मी खूण काढली. लहानशी, तांदळाच्या दाण्याएवढी. कुणाला दिसायची नाही असं वाटलं. मनात म्हटलं, देवा, हे नाटक होईपर्यंत तरी यांना ठेव. मी तुमच्यासारखी नव्हते, अप्पा. मला कुणाला तरी विनवावंसं वाटत होतं आणि तुमच्या घरात विनवायला कागदाशिवाय जागा नव्हती. पोलिसांच्या प्रतीवर नेहमीसारखी ठळक खूण काढली. दोन्ही प्रती बांधून टेबलावर ठेवल्या आणि मी गाडी पकडायला धावले. तुम्ही लॉजवर गेला होता. मामा आले, आईनं दार उघडलं. त्यांनी वरची प्रत उचलली, उलटून पाहिली, खूण दिसली, पिशवीत घातली. दुसरी बघायचं त्यांना काय कारण होतं? वरची खरी होती.

परवानगी आली नाही. तुम्हाला बोलावणं आलं, मामांना आलं. कुणी अंगाला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त नाटक होणार नाही असं सांगितलं आणि प्रत ठेवून घेतली. सभागृहवाल्यांनी तारीख काढून घेतली. मालिकेवाल्यांचा फोन यायचा बंद झाला. आणि मग तो रविवार. दुपारची वेळ, शाळेच्या व्हरांड्यात तालीम व्हायची तिथं मंडळी जमली होती, बारा माणसं. मी तुमच्याबरोबर आले होते, कारण तुम्हाला एकटं सोडायची आईची छाती नव्हती.

"तूच नेलीस ना?" तुम्ही मामांना विचारलंत.

"मीच. खूण बघून नेली. नेहमी नेतो तशी."

"खूण? माझ्या नाटकावर गणपती बसवायला मी अजून मेलो नाही."

"होती. डोळ्यांनी बघितलीय मी. लहान होती, पण होती."

"तुला मालिकेत काम मिळालंय म्हणे. इन्स्पेक्टरचं. कुणाच्या ओळखीनं मिळालं?"

मामा एक पाऊल मागे सरले. ते म्हणाले, "असं नको बोलूस. माझ्याशी नको."

"मग विचारू या. लिहिणारी इथंच आहे." आणि तुम्ही माझ्याकडे वळलात. मला मराठीत विचारलंत, "सांग गं. खऱ्या प्रतीवर खूण काढली होतीस?"

मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? वीस वर्षं मी हे स्वतःला विचारतेय. तुमचं हृदय म्हणून, असं मी पुष्कळ दिवस सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. त्या बारा जणांपुढे तुमच्या मुलीनं तुमच्या सगळ्यांत चांगल्या नाटकावर देव काढला, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही माझ्याकडे कसं पाहिलं असतंत, त्या नजरेला मी भ्याले. बस, भ्याले. चोवीस वर्षांची घोडी होते मी. आणि तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. तुम्ही म्हणालात, "तमिळमध्ये सांग. सगळ्यांना कळू दे." मग मी ते तमिळमध्ये पुन्हा सांगितलं, नीट, स्पष्ट. मामा माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदा त्यांना वाटलं असेल की मी चुकून बोलले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली, चपला घातल्या, आणि गेले. कुणीतरी त्यांच्या मागून 'दगाबाज' म्हणालं. तुम्ही अडवलं नाहीत. मीही नाही.

घरी आल्यावर तुम्ही आडवे झालात. मी स्वयंपाकघरात गेले. आई रसमसाठी चिंच कोळत होती. वर न बघता म्हणाली, "खरं सांग. होती का?" मी हो म्हणून मान हलवली. तिचे हात भांड्यात तसेच राहिले. मग म्हणाली, "आता बोलू नकोस. त्यांना झेपायचं नाही. बरे झाले की सांगू." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी मला गप्प बसायला सांगितलं होतं. तुम्ही बरे झालाच नाहीत. दीड वर्ष तुम्ही खुर्चीत बसून होता, लिहिलं एक अक्षर नाही. मंडळी पांगली. कुणी भेटायला आलं की तुम्ही मामांची गोष्ट काढायचात, दर वेळी थोडी वाढवून, जसा सीन उभा करायचात तसा. त्यात मामा आता स्वतः पोलिसांकडे चालत गेले होते, हसले होते, सिगरेट ओढली होती. मामांनी जन्मात सिगरेट ओढली नाही हो! मी शेजारच्या खोलीत ऐकत होते आणि तोंडातून ब्र काढत नव्हते. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात आईनं तुम्हाला विचारलं, त्यांना बोलवू का? तुम्ही नको म्हणालात. मला वाटलं होतं, निदान थोडा विचार करून म्हणाल. मामा स्मशानाच्या फाटकाबाहेर उभे होते. मंडळींतल्या दोघांनी त्यांना आत येऊ दिलं नाही. मी पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

आई गेल्यावर मी त्यांना भेटायला गेले. तेच दुकान, त्याच गल्लीत, हातगाड्यांमधून वाट काढत. मामा स्टुलावर बसून पत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, रडत, गिऱ्हाइकांसमोर. त्यांनी हातातला गठ्ठा बांधून पुरा केला. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे, रायटर. पोलिसांनी मला दुसऱ्यांदा बोलावलं होतं. प्रत टेबलावर उघडी होती. डाव्या कोपऱ्यात तुझ्या हातची खूण."

"मग अप्पांना का नाही सांगितलंत?"

"सांगायला आलो होतो. आवडीला तुमच्या गल्लीपर्यंत आलो. तू त्याला रिक्षातून उतरवत होतीस. त्याचा सगळा भार तुझ्या खांद्यावर. मी परत स्टेशनवर गेलो."

एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समोरच्या दुकानातून माझ्यासाठी कॉफी मागवली. मी निघाले तेव्हा म्हणाले, "एक कर. कधी जमलं तर लिही. माझा नातू कॉलेजात नाटकं करतो. तिथं त्याला कुणीतरी म्हणालं, तुझ्या आजोबानं पोलिसांना नाटक विकलं होतं. पोरगं घरी येऊन मला विचारतं, ताता, खरं का? मी काय सांगू त्याला? मी सांगितलं तर तो म्हणणार, आजोबा असंच म्हणणार." मी म्हटलं, लिहीन, मामा. शपथ घेतली.

तर पुस्तकातली ती चार तमिळ पानं. पाच महिन्यांत मी ती अकरा वेळा लिहिली असतील. पहिल्या खेपेला सगळं होतं, खूण, व्हरांडा, आई, सगळं. मग वाटलं, पुस्तक तुमचं आहे, माझं रडगाणं कशाला. मग वाटलं, लोक म्हणतील, हा इतका मोठा माणूस आणि मित्रावर एवढासा विश्वास नव्हता. बघा, तुमचंही नाव मला जपायचं होतं; का माझं, देव जाणे. प्रत्येक खेपेला थोडं थोडं गेलं. परवा मी पानं देऊन टाकली. त्यात एवढंच आहे की काही गोंधळामुळे चुकीची प्रत सादर झाली आणि प्रयोग होऊ शकला नाही. कुणी लिहिली, कुणी नेली, कुणाला बोल लागला, काही नाही. त्या मुलीनं वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "फार सुंदर लिहिलंय अक्का," म्हणाली. पुस्तक आता छापखान्यात आहे.

काल मामांचा फोन आला. ऐंशीला आले आता, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. आवाज मात्र तसाच, फोन कानापासून लांब धरावा लागतो. पुस्तक आलं की नातू सगळं वाचून दाखवणार आहे, म्हणाले, शेवटच्या पानापासून सुरुवात करायला सांगितलंय. मग विचारलं, "माझं लिहिलंस ना, रायटर?" मी म्हटलं, "हो मामा. लिहिलं." ते तमिळमधलं "सरी, सरी" म्हणाले, बरं बरं अशा अर्थाचं, दोनदा, आणि फोन ठेवायला विसरले. त्यांच्या घरातले आवाज मला बराच वेळ ऐकू येत होते.

त्यानंतर मी हे लिहायला बसले. एका बैठकीत झालं, कुठं अडलं नाही, अप्पा. तुमचं मराठी फक्त तोंडातलं होतं, ही अक्षरं तुम्हाला कधीच वाचता आली नाहीत. मामांना येत नाहीत, त्यांच्या नातवालाही नाहीत. ते मला बसतानाच माहीत होतं. तमिळमध्ये यातली एक ओळसुद्धा मी कुणाला दिलेली नाही.